मामाजींचे चौदा इंच

टीव्हीचा पडदा तिरपा मोजतात हे ठाऊक नसलेला नागपुरातला शेवटचा गृहस्थ बहुधा मीच. शहरात टीव्ही नवा नवा आला होता. सीताबर्डीच्या दुकानात मी घरून नेलेली टेप पडद्यावर आडवी धरली आणि चारचौघांत म्हणालो, "वीस इंची म्हणता, हा तर सोळाच भरते." दुकानदाराने टेप घेतली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लावून दाखवली आणि मला चहा पाजला. त्या चहानंतर आमच्या टीव्हीच्या खरेदीचे सगळे अधिकार बायकोच्या मामांकडे गेले.

महाल भागात राहणाऱ्या या मामाजींइतका नजरेचा चोखंदळ माणूस देवाने दुसरा घडवला नसावा. नवं कॅलेंडर भिंतीवर लावण्याआधी ते देवीच्या नथीतले मोती तपासत. एखादा पुसट निघाला की कॅलेंडर परत. माझं स्थळ त्यांच्याकडे गेलं तेव्हा सोबतचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. बाकीचे हिरमुसले. मामाजींनी तो डोळ्याला लावून निकाल दिला, "लहान हाय, पण कानाची पाळी साफ हाय. द्या पोरगी."

मला वीस इंचीच हवा होता. गल्लीतला पहिला टीव्ही, मागच्या माणसालाही दिसायला नको? पण मामाजी दुकानात चौदा इंचीपुढे फतकल मारून बसले, नाक काचेला टेकेल इतके जवळ. "मोठ्यात नुसत्या मुंग्या, जवाईबापू. बाईच्या भुवया कुठी संपते, काही समजून नाही राहिलं."

"मामाजी, इतने नजदीक से कोई नहीं देखता," दुकानदार म्हणाला.

"दूर से तो सबच खूबसूरत दिखता है."

चौदा इंची घरी आला. पहिल्या रविवारी सिनेमाला अख्खी गल्ली लोटली, आणि पाचच मिनिटांत मागून आवाज आला, "काही दिसून नाही राहिलं गा. टीव्ही हाय का पाकीट?" माणसं चपला शोधू लागली. मामाजींचा चेहरा उतरला. त्यांच्या शब्दावर आणलेली वस्तू, आणि भाचीच्या दारातून लोक परत चाललेले. ते उठले आणि टीव्हीशेजारी उभे राहिले.

"बसा, बसा. ती आता रडून राहिली. खरं पाणी हाय डोळ्यात, मी पाह्यलं. मागं सासूनं पदर खोचला. आता होते काहीतरी."

लोक चपला सोडून खाली बसले. पुढे पुढे तर मागची जागाच आधी भरू लागली. खलनायक आला की मामाजी आवाज खाली घेत, गाण्यात नायिकेच्या बांगड्यांचं वर्णन करत, आणि त्यांना न आवडणाऱ्या नटाला सरळ गाळून टाकत. तो नट आमच्या गल्लीत कधी पोहोचलाच नाही.

मामाजी गेले. त्यांच्यामागेही चौदा इंची पुष्कळ चालला, चित्र तसंच लख्ख. मग मुलांच्या हट्टाने मोठा रंगीत आला. पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम पार दाराशी जाऊन बसलो आणि बायकोला म्हणालो, "पाह्य वं, इथूनही सगळं दिसते."

तिने टीव्हीशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"दिसते तर," ती म्हणाली. "तुम्ही बोला ना काही, मधी मधी."