लाल ठिपका

शाळेत त्यांना सगळे हनुवटीकाका म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. ओळखपत्रांचे फोटो काढायला ते दरवर्षी यायचे आणि साडेचारशे पोरांना साडेचारशे वेळा तेच ऐकवायचे, "हनुवटी खाली." एखादीनं जरा जास्तच खाली घेतली की म्हणायचे, "एवढी नको गं, काय हरवलंय का खाली?"

त्यांचा स्टुडिओ शाळेमागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर होता. एक फिरतं स्टूल, गुंडाळून ठेवायचे दोन पडदे, एक निळा, एक पांढरा, आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. "कंगवा लोक नेतात, आरसा नेत नाहीत," असं ते सांगायचे. खुंटीला एक काळा कोट असायचा. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला येणाऱ्यांनी तो चढवायचा. त्याची पाठ केव्हाच विरली होती. समोरून साहेब, मागून नुसत्या नाड्या. काकांचा स्वतःचा शर्ट मात्र कायम कडक इस्त्रीचा.

या माणसाविषयी मी आज लिहिते आहे, कारण त्यांचे आमच्या घरावर जे उपकार आहेत ते फिटणारे नाहीत, आणि ज्या दिवशी त्यांनी ते केले त्या दिवशी मी त्यांना नको नको ते बोलले होते.

मी तेव्हा नववीत होते. भाषेच्या बाईंनी एक टूम काढली: तिघातिघांच्या टोळ्या करायच्या आणि प्रत्येक टोळीनं आठ फोटोंतून एक घाबरवणारी गोष्ट सांगायची. शब्द एकही नाही. रक्त नाही. "आणि पांढरी चादर पांघरून कुणी आलं, तर अख्खी टोळी बाद," बाईंनी दम भरला. शनिवारी फोटो सभागृहात लागणार, आईवडील बघायला येणार. शाळेनं चार छोटे कॅमेरे आणले आणि ते कसे धरायचे हे शिकवायला हनुवटीकाकांना बोलावलं.

आम्हाला वाटलं, हे काय शिकवणार? फार तर भुताला हनुवटी खाली घ्यायला सांगतील. पण पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाचे पडदे ओढले, एका मुलाचा फ्लॅश टाकून फोटो काढला आणि सगळ्यांना दाखवला. दोन्ही डोळे निखाऱ्यासारखे लाल.

"डोळ्याच्या मागं एक पडदा असतो, रक्तानं भरलेला," काका म्हणाले. "अंधारात बाहुली मोठी होते. फ्लॅशचा उजेड आत जातो, त्या पडद्यावर आपटतो आणि लाल होऊन परत येतो. चाळीस वर्षं मी हा लाल पुसत आलोय. आधी बारीक ब्रशनं, आता कॉम्प्युटरवर. लाल हवाय म्हणणारं गिऱ्हाईक तुम्हीच पहिले."

मग काय, सगळ्या टोळ्यांच्या गोष्टींत लाल डोळे आलेच. माझ्या टोळीत लंबू आणि पंडित. लंबू एवढा उंच की त्याला फोटोत बसवायचं म्हणजे कॅमेरा जिन्यावर न्यावा लागे. पंडित ही मुलगी. तिला सगळं आधीच माहीत असायचं. आमची गोष्ट अशी: एका मुलीची बाहुली हरवते, ती घरभर शोधते, शेवटी कपाट उघडते, आणि आठव्या फोटोत कपाटातून तिच्याकडे कुणीतरी बघत असतं. ते कुणीतरी म्हणजे माझी धाकटी बहीण, वय वर्षं तीन. तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी ठरतच नसे. गुरुवारी दुपारी खोलीचे पडदे लावून, दोन बिस्किटं हातात देऊन तिला कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसवलं. मी दार उघडलं, लंबूनं बटण दाबलं.

एक डोळा लाल, एक पांढरा.

पंडित तर नाचायलाच लागली. "ठरवूनसुद्धा असं जमलं नसतं!" आमचा पहिला नंबर पक्का, याबद्दल तिघांच्याही मनात शंका उरली नाही.

शुक्रवारी संगणकाच्या खोलीत फोटो मोठ्या पडद्यावर लावले. आमचा आठवा आला तेव्हा मागच्या बाकावरच्या दोघी खरोखर किंचाळल्या. बाई हसून टाळ्या वाजवायला लागल्या. काका मात्र उठून पडद्याजवळ गेले.

"याच्यावर काही कारागिरी केलीय का?"

"नाही काका," लंबू म्हणाला. "आला तसाच आहे."

"पोर कॅमेऱ्यात बघत होतं? की बाजूला?"

"सरळ बघत होती. तिसरं बिस्कीट माझ्या हातात होतं."

काकांनी पडद्याला नाक लावून फोटो निरखला. मग म्हणाले, "हा फोटो लावायचा नाही."

मी मुळातच तापट. त्यातून तो नंबर मी मनातल्या मनात घरी नेऊन भिंतीवर टांगलासुद्धा होता. मी सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "तुम्हाला आमचं चांगलं बघवत नाही! स्वतः जन्मभर फक्त ओळखपत्रं काढलीत म्हणून!" बाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं. काका रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हे बाळ तुझं कोण? आज शाळा सुटल्यावर आईला आणि तिला स्टुडिओत घेऊन येशील?"

आई आली, बाबाही कामावरून परस्पर आले. काकांनी भिंगरीला स्टुलावर बसवलं, दिवे घालवले आणि शाळेच्याच छोट्या कॅमेऱ्यानं पाच फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, परत समोरून, परत समोरून. समोरच्या तिन्हींत तेच: एक लाल, एक पांढरा. मग खेळ केल्यासारखं त्यांनी तळहातानं तिचा पांढरा आलेला डोळा झाकला. ती हसत राहिली. दुसरा झाकला तशी तिनं मान झटकली आणि त्यांचा हात दूर ढकलला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"मी फोटोवाला आहे, डॉक्टर नाही," काका आईला म्हणाले. "पण उद्या सकाळी हे फोटो घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी चुकलो असेन तर इथं येऊन मला शिव्या घाला. मी चहा पाजीन."

बाबांना ते हसण्यावारी न्यायचं होतं. "अहो काका, कॅमेरा स्वस्तातला, पोर हलणारं. होतं असं. पोरगी दिवसभर हुंदडत असते, तिला काय धाड भरलीय? बघू सवडीनं, पुढच्या महिन्यात."

काकांनी खालचा खण ओढला आणि एक पाकीट काढलं. त्यात दोनेक वर्षांच्या एका मुलाचा फोटो होता. नवा सदरा, तोंडभर हसू, दोन्ही डोळे काळेभोर.

"वीस वर्षांपूर्वीचा आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "याचाही एक डोळा लाल आला होता आणि एक पांढरा. मी ब्रश घेतला, दोन्ही काळे केले. आई किती खूश झाली! दीड वर्षानं तीच बाई परत आली. हाच फोटो मोठा करून हवा होता, हार घालून भिंतीवर लावायला. मला सांगत होती, डॉक्टरांनी विचारलं, आधीच्या कुठल्या फोटोत डोळा पांढरा दिसला होता का? आणि ती त्यांना म्हणाली, नाही हो, आमच्या बाळाच्या फोटोत डोळे किती छान आलेत." त्यांनी फोटो पाकिटात परत ठेवला. "तिला मी सांगू शकलो नाही. हिंमत झाली नाही. तुम्हाला सांगतोय. पुढचा महिना नको."

भिंगरी स्टुलावर गोल गोल फिरत होती. बाबांनी तिला उचललं आणि म्हणाले, "उद्या रजा टाकतो."

तरी काकांना बाबांचा भरवसा नसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दार वाजलं, तर इस्त्रीचा शर्ट घालून ते उभे. "मला त्या बाजूला जायचंच होतं," म्हणाले. त्यांना त्या बाजूला काहीही काम नव्हतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

डोळ्यात गाठ होती. डोळा काढावा लागला. गाठ डोळ्याबाहेर गेलेली नव्हती. डॉक्टरांनी ते फोटो पाहिले आणि आईला विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं?" आईनं दाराबाहेर बाकावर बसलेल्या काकांकडे बोट दाखवलं. डॉक्टर बाहेर आले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "उशीर झाला असता, तर डोळ्यावर भागलं नसतं." काकांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. हनुवटी पार छातीला टेकली होती.

त्याच शनिवारी सभागृहात आमच्या टोळीचे सातच फोटो लागले. आठ म्हणजे आठ, असा नियम, आम्ही बाद. लंबू आजही भेटला की म्हणतो, "तुझ्या बहिणीमुळे माझं बक्षीस गेलं." ती म्हणते, "तुझ्या फोटोमुळे मी राहिले, फिट्टंफाट."

दोन आठवड्यांनी मी काकांची माफी मागायला गेले. बोलायचं घोकून ठेवलं होतं. तिथं पोचल्यावर नुसती रडले. त्यांनी दोरीचा कंगवा पुढं केला. "तोंड धू, केस विंचर. फोटो काढायचाय का माफी मागायचीय, ते मग ठरव."

त्यानंतर एक रीतच पडली. भिंगरीच्या डॉक्टरांकडच्या तपासण्या व्हायच्या त्या होतच. पण वर्षातून एकदा काका निरोप धाडायचे, पोरीला पाठवा. "डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. मला माझं बघू दे." तोच स्वस्तातला कॅमेरा, शाळेनं मोडीत काढला तेव्हा त्यांनी मागून घेतला होता. दिवे घालवायचे, एकच फोटो काढायचे, आणि पडद्यावर तिचा उरलेला डोळा निरखायचे. बसवलेला डोळा फोटोत कधी चमकत नाही, खरा चमकतो. "लाल आहे. जा," असं म्हणून तिला घालवायचे. जन्मभर जो ठिपका पुसला त्याची हा माणूस वर्षभर वाट बघायचा. ते सगळे फोटो त्यांनी एका वहीत चिकटवलेत. सोळा पानं, सोळा लाल ठिपके, एकावरही ब्रश नाही.

या वर्षी भिंगरी एकोणीस वर्षांची झाली. स्टुडिओ आता बंद आहे. जिना चढवत नाही म्हणून काका तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतात. फिरतं स्टूल तेवढं बरोबर आणलंय. आम्ही दोघी गेलो. पडदा ओढला, ती बसली, हनुवटी खाली वगैरे झालं. काकांनी फोटो काढला आणि कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"दिसत नाही गं मला," ते शेवटी म्हणाले. "सगळं धुरकट आहे. तूच सांग. मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगू नकोस."

तिनं पाहिलं आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. "ताई, तू सांग. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा."

मला क्षणभर नीट दिसेना, पण ते वेगळ्या कारणानं. "लाल आहे, काका," मी म्हणाले. "लालभडक."

त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. "जा मग."

भिंगरी गेली नाही. तिनं माझ्या हातातला कॅमेरा घेतला, त्यांच्या समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "हनुवटी खाली." ते नको नको म्हणत असताना तिनं फोटो काढलाही. दोघींनी पाहिलं. एक डोळा फिकट तांबूस, दुसरा दुधासारखा.

"मोतीबिंदू असेल. या वयात होतो," काका म्हणाले. "बघू सवडीनं, पुढच्या महिन्यात."

"मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी चुकले तर शिव्या घाला. पुढचा महिना नको."

काका स्टुलाच्या कडेवरून हात फिरवत बसले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी घरात सगळ्यांच्या आधी उठली. तिच्या कपड्यांना इस्त्री असा प्रकार आम्ही कधी पाहिलेला नाही. त्या सकाळी ती स्वतःचा शर्ट स्वतः घासून घासून कडक करत होती. मी विचारलं, कुठं निघालीस एवढी नटून?

"मला त्या बाजूला जायचंच आहे," ती म्हणाली, आणि आठच्या ठोक्याला काकांच्या दारात उभी राहिली.