भैयालालचा बारा फुटी जिना

बालाघाटहून गोंदियाकडे निघालात की डाव्या हाताला भैयालालचं लोखंडी जिन्यांचं दुकान लागतं. माणूस सोन्यासारखा, फक्त मिशीपुढे त्याला काही दिसत नाही. जिन्याच्या तिरप्या बाजूचा हिशेब त्याला बापाकडून मिळालेला: उंची आणि जमिनीवरची जागा यांतली मोठी बाजू घ्या, तिच्यात लहानीचा तिसरा हिस्सा घाला. आठ नि सहा? दहा. बारा नि नऊ? पंधरा. वीस वर्षांत एक जिना चुकला नाही, कारण गिऱ्हाइकांच्या जागाच चारास तीन अशा मापाच्या निघाल्या. हे त्याला सांगायची माझी काय टाप!

मग गल्लीतल्या चंपाबाईंच्या नातवाचं बारसं गच्चीवर ठरलं आणि वर जायला जिना हवा झाला. त्यांच्याकडे उंची नऊ फूट आणि जागाही नऊच फूट. भैयालाल म्हणाला, "बारा."

त्याची बायको शीला ब्लाउज शिवते. चंपाबाईंचं माप घेता घेताच ती म्हणाली, "अहो, बारानं नाही पुरत. चौकोनी कापडाची तिरपी, उरेब पट्टी रोज कापून राह्यली मी. दहा इंचाच्या चौकोनात तिरपी चौदाच्या वर जाते. तुमाले पावणेतेरा लागन."

"ब्लाउजात नि जिन्यात फरक असते, शीला. कमी पडला तं मिशी काढतो!"

चंपाबाईंसमोर हे बोलायला नको होतं. त्या बाई उधारी विसरतील, शब्द विसरत नाहीत.

बारशाच्या सकाळी जिन्याचा पाय भिंतीपासून नऊ फुटांच्या खुणेवर ठेवला, तर वरचं टोक गच्चीच्या नऊ इंच अलीकडेच थांबलं. दारात पाहुणे ऑटोतून उतरत होते. शीलानेच विटा आणवल्या, खाली अर्ध्या फुटाची पक्की पायरी रचायला लावली आणि जिना तिच्यावर ठेवून आत सरकवला. बसला! पाळणा वर गेला, पाहुणे चढले, मीही जाऊन दोन वाट्या घुगऱ्या हाणल्या.

"भैयालाल, बारसं झालं," चंपाबाई म्हणाल्या. "आता मुंडन पाहू."

"काकू, जिना बसला ना!"

"बारा फुटात बसला का विटायवर?"

"विटायवर," भैयालाल पुटपुटला आणि न्हाव्याकडे गेला.

घरी आला तेव्हा शीलाने पदर सावरला. "या भाऊ, बसा. आमचे मालक जिना लावाले गेलेत."

"हौ का? मंग ते येईपर्यंत चहा तरी पाज, बाई!"

मिशी आता पुन्हा आली आहे. पण दोन बाजू सारख्या दिसल्या की भैयालालचा हात आधी मिशीवर जातो, आणि मग तो शीलाला हाक मारतो.