बाहीवरचा चतुर

कुजक्या शेवाळाचा वास आला की मला माळव्यातल्या धारची दलदल आठवते. पूजेला कमळं काढायला गेलो होतो. बगळा उभा आहे म्हणजे जमीन पक्की, एवढी माझी अक्कल. पाय टाकला आणि कमरेपर्यंत रुतलो. माझा दोस्त गणू दोर घेऊन धावला. तेवढ्यात माझ्या बाहीवर चढलेल्या काळ्या किड्याची पाठ उकलली नि आतून ओला चतुर निघाला. चुरगळलेले पंख हळूहळू काचेसारखे ताठ व्हायला लागले.

"ओढू नको," मी म्हटलं.

"अरे भिया, भाऊ माझ्या, मरतोयस की बाळंतपण करतोयस?"

चिखल छातीला लागला, तरी मी श्वास धरून बघत राहिलो. चतुर उडाला, मग गणूनं मला ओढलं. धोतर आतच राहिलं.

आता वाटतं, जन्मात एवढं एकच काम नीट केलं, न हलता उभा राहिलो. तेही रुतलो होतो म्हणून.