हौदाकाठची मेंदी

एउसेबियो कार्मोनानं ग्रानादाच्या टेकडीवरच्या मूर राजांच्या जुन्या राजवाड्यात अडतीस वर्षं एकच काम केलं. मधल्या चौकातल्या लांब हौदाच्या दोन्ही काठांची विलायती मेंदी कातरायची. सरळ कापायला दोरी त्यानं कधी लावली नाही. पाण्यात मेंदीचं प्रतिबिंब बघायचं आणि कात्री चालवायची. पाणी कुणाची भीडभाड ठेवत नाही, असं तो म्हणायचा, आणि ऐकणारा शंभरदा ऐकून कंटाळला असला तरी म्हणायचा.

तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी मालागाहून रेमेदियोस नावाची बाई आली. तिला काम समजावून द्यायच्या दिवशी नेमकी याची कंबर धरली. नंतर दोन वर्षं त्यानं टेकडी चढली नाही. नवी बाई मशीन फिरवते म्हणे, असं बाजारात कुणी बोललं की त्या दिवशी याला दोन घास जास्त जायचे. आपल्यावाचून मेंदी बिघडावी, एवढंच त्याला हवं होतं. बायको आंगुस्तियास म्हणायची, "सुंभ जळला, पीळ आहे तसाच."

मग बिल्बाओहून तिचा भाऊ फेर्मिन आला आणि त्याला राजवाडा दाखवणं आलं. फेर्मिन सिंहांच्या कारंज्याकडे फोटो काढायला गेला. एउसेबियो थेट हौदाशी आला आणि कितीतरी वर्षांनी गुडघे मोडून पाण्याशी बसला.

मेंदी सरळ होती. या टोकाकडून सरळ, त्या टोकाकडूनही सरळ. बोट ठेवायला जागा नव्हती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि कडेचा एक कोंब नखानं खुडला. मग आणखी एक.

"आजोबा, तुम्हीच सगळी खुडलीत तर मी काय कातरू?"

मागे रेमेदियोस उभी होती. हातात मशीन नव्हतं, साधी कात्री होती. 'आजोबा' त्याला झोंबलं. कोंब खिशात टाकत, काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, आधी हे काम कोण करायचं?

"होते एक. मी पाहिलं नाही त्यांना. हात सोन्याचा हो, पण शेवटी शेवटी ते पलीकडचं टोक चार बोटं चढलं होतं."

"पाण्यात दिसलं असतं की त्याला."

"गुडघे वाकत नसतील. उभ्यानं बघितलं की पाणीसुद्धा फसवतं."

"मग ऑफिसात सांगितलंस?"

"कशाला? एकदम उतरवली असती तर आतली काटकं उघडी पडली असती आणि गावभर झालं असतं. महिन्याला नखभर उतरवली. दोन वर्षं लागली. अडतीस वर्षं केलेल्या माणसाचं नाव चार बोटांपायी का घालवायचं?"

तिनं चहाडी केली असती तर एउसेबियोनं तिला जन्मभर सुखानं शिव्या दिल्या असत्या. तेवढंही तिनं ठेवलं नव्हतं. कात्रीनं ती सरस निघाली हे त्यानं एक वेळ गिळलं असतं. मनानंही सरस निघावी, हे फार झालं.

"नाव काय त्याचं?" त्यानं विचारलं.

"एउसेबियो. गावातलेच आहेत. भेटले तर बोलू नका हं, लागेल त्यांना."

"नाही बोलत," तो म्हणाला.

दुपारी हॅम घालून परतलेले पावटे वाढताना आंगुस्तियासनं विचारलं, कशी आहे नवी बाई?

"फार बोलते," एउसेबियो म्हणाला, आणि ताट पुढे सारून उठला.