बासरीवाल्याचा श्वास

नवरा गेल्यावर मी रडले नाही, हे आमच्या गल्लीने बरेच दिवस चघळलं. सकाळी आंघोळीचं पाणी भरता भरता हे खाली बसले आणि उठलेच नाहीत. मी डॉक्टरला फोन केला, मुलीला पुण्याला कळवलं, यांच्या भावाला गावी, किन्हीराजाला कळवलं, आणि दूध उतू चाललं होतं म्हणून गॅस बंद केला. तेरवीपर्यंत बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, आता बांध फुटेल, मग फुटेल. कोणी म्हणालं खंबीर आहे, कोणी म्हणालं कोर्टात नोकरी करून करून दगड झाली. खंबीर नव्हते आणि दगडही नव्हते. दाढ काढल्यावर अर्धा जबडा कसा जड आणि परका लागतो, तसं सगळंच लागत होतं. इंजेक्शन उतरलं की दुखेल, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं झाली तरी उतरलं नाही.

मी वाशीमच्या कोर्टात टंकलेखक होते. हे शाळामास्तर, नोकरीची पहिली बरीच वर्षं मंगरूळपीरला. माणूस तसा निरुपद्रवी, पण एक खूळ होतं. सिनेमाचं संगीत. गाणी नव्हेत. गाण्यांचे शौकीन गल्लीबोळात मिळतात. यांना हवं असायचं ते गाण्यांच्या मधलं, म्हणजे कोणी जिना चढतो, कोणी चिठ्ठी वाचतो, कोणी नुसतंच खिडकीत उभं राहतं, तेव्हा मागे जे वाजतं ते. हे नेहमी म्हणायचे, "गाणं तं कोनीबी करते. जिथं कोनी बोलत नाही तिथं ज्याले वाजवता येते, तो खरा." लग्नानंतर पहिल्या महिन्यातच मी हे वाक्य दहा वेळा ऐकलं होतं. पुढे मोजायचं सोडून दिलं.

ते संगीत बाजारात मिळायचं नाही. कॅसेटवर फक्त गाणी यायची. पण मंगरूळपीरला यांना एक भाई भेटले. भाईंचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिथल्या थिएटरचा अॅम्प्लिफायर बिघडला की बोलावणं त्यांनाच यायचं. त्या ओळखीवर भाई प्रोजेक्टरच्या खोलीत टेपरेकॉर्डर घेऊन जायचे, अॅम्प्लिफायरमधून वायर काढायचे आणि हवा तेवढा तुकडा उतरवून घ्यायचे. असे तुकडे भरलेल्या कॅसेटी चपलेच्या खोक्यांत रचून ठेवलेल्या होत्या. वर भाईंच्या अक्षरात लिहिलेलं असायचं: जिना, पाऊस नाही, म्हातारा एकटा.

पुढे यांची बदली वाशीमकडे झाली तरी रविवारचं मंगरूळपीर सुटलं नाही. तासाभराची एसटी. भाई दुपारची, जोहरची नमाज पढून यायचे, शटर अर्धंच उघडायचे आणि दोघे ऐकायला बसायचे. मीही जायची. घरी बसून काय करायचं होतं? नियम एकच होता. कॅसेट चालू असताना जो तोंड उघडेल त्याचं मत त्या दिवशी धरायचं नाही. कॅसेट थांबली की मात्र तुटून पडायचे. भाईंचा आवडता संगीतकार शंभर व्हायोलिनवाला. हे म्हणायचे, तो माणूस नळ उघडा टाकून गावाला गेलाय. भाई म्हणायचे, तुमच्या माणसाच्या नळाला पाणीच नाही. अलीकडच्या सिनेमात नुसतं दार उघडलं तरी मागे ढोल बडवतात, एवढ्याच एका मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं. वाद फार चिघळला की दोघे माझ्याकडे बघायचे. मी कोर्टातली, म्हणून निकाल मी द्यायचा. मला संगीतातलं शष्प कळत नव्हतं. जो जास्त तापला असेल त्याच्या बाजूने निकाल देऊन मी चहा मागवायची.

एका तुकड्यावर मात्र निकाल कायम यांच्या बाजूने जायचा. त्या तुकड्याचं नावच 'मास्तरचा' पडलं होतं. कोण्या जुन्या सिनेमातला, संगीतकार असा की दोनतीन सिनेमे करून कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. नुसती बासरी आणि मागे लांबवर सतार. बासरी सावकाश खाली उतरत जायची, अर्ध्यात थांबायची, आणि तिथे बासरीवाल्याचा श्वास ऐकू यायचा. चांगला लांब, उसाशासारखा. मग पुन्हा सूर. तो तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा यांचे वडील जाऊन वीस दिवस झाले होते. थोरला मुलगा म्हणून किन्हीराजाला सगळं यांनीच केलं, पाहुणे, जेवणं, भावंडांची समजूत. डोळ्याला पाणी नाही. भाईंच्या दुकानात तो श्वास आला आणि हे स्टुलावर बसल्या जागी हमसून हमसून रडले. मी हातातला रुमाल पुढे केला, तो यांनी घेतलाही नाही. भाई पाठ फिरवून कुठल्याशा रेडिओचे स्क्रू पिळत उभे राहिले.

त्या दिवसापासून हे त्या संगीतकाराचे झाले. भाईंना तो साधारण वाटायचा. भाई म्हणायचे, चाल साधीच आहे, जत्रेतल्या पिपाणीवाल्यालाही सुचेल. हे म्हणायचे, चाल राहू द्या, तो श्वास बघा. दुसऱ्या कोणी तो कापून टाकला असता, यानं ठेवला, कारण याला दुःख म्हणजे काय ते माहीत होतं. सुमारे तीस वर्षं दोघे याच दोन वाक्यांवर भांडले, आणि प्रत्येक वेळी भाई हरले. निकाल देताना मला कधी अवघड गेलं नाही. मी यांना रडताना पाहिलं होतं.

हे गेल्यावर मी मंगरूळपीरला गेले नाही. भाईंचा महिन्यातून एकदा फोन यायचा. बरे आहात ना भाभी, हो बरी आहे, झालं. मुलीने यांच्या जुन्या आवडीचं काय काय मोबाइलवर पाठवलं, ते मी लावून बघितलं. काही वाटलं नाही. भाजी निवडताना शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा, तेवढंच.

मागच्या उन्हाळ्यात मुलीने एक अख्खा सिनेमा पाठवला. बाबांच्या त्या संगीतकाराचा सिनेमा सापडला, आई, बघ, असं तिने मोठ्या आनंदाने लिहिलं होतं. दुपारी तुरीची डाळ निवडायला घेतली आणि मोबाइल डब्याला टेकवून सिनेमा लावला. तासभर झाला असेल. जत्रेचा प्रसंग आला. पाळणे, फुगे, आणि चारपाच पोरं एका सायकलच्या मागे खिदळत पळताहेत. मागे बासरी. मी डाळीतच बघत होते, पण हात थांबला. ती खाली उतरत जाणारी ओळ मला तोंडपाठ होती. फक्त ती भराभर उतरत होती, उड्या मारत. मध्ये श्वासही आला. चुटकीसरशी घेतलेला, जिना चढताना कोणीही घेतो तसा साधा श्वास.

मी तो तुकडा सात वेळा बघितला. मग ताट बाजूला सारलं आणि मला राग आला. इतका राग, की स्वतःलाच नवल वाटलं. मास्तर माणूस, तीस वर्षं पोरांच्या पळापळीला दुःख म्हणत बसला आणि मी त्यावर शिक्के मारले. यांचं ते स्टुलावरचं रडणं तेवढं माझ्याकडे खरं उरलं होतं. तेही फसगतीतूनच आलं असेल तर मग उरलं काय?

पुढच्या रविवारी मी एसटीत बसले. दुकान होतं तिथेच, पुढच्या भागात आता भाईंचा पुतण्या मोबाइलची कव्हरं विकतो. मागच्या बाजूला भाईंचं टेबल, चपलेची खोकी आणि ते जुनं डेक. स्टूलही होतं. मी त्यावर न बसता उभ्या उभ्याच मोबाइल काढला आणि भाईंच्या समोर तो प्रसंग लावला.

भाईंनी पोरं बघितली, सायकल बघितली. संपेपर्यंत तोंड उघडलं नाही, नियमाप्रमाणे. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मले मालूम होतं, भाभी," भाई म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून. त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांचं स्वतःचं मशीन बंद होतं, म्हणून दुरुस्तीला आलेलं एका गिऱ्हाइकाचं टेपरेकॉर्डर ते थिएटरात घेऊन गेले. महिन्याभराने ते मशीन उघडलं तेव्हा कळलं की त्याची मोटर जादा पळत होती. पळत्या मशीनवर भरलेलं दुकानातल्या डेकवर वाजलं की सुस्त वाजणारच. डेकच्या मोटरच्या पाठीला एक बारीक भोक असतं, आत स्क्रू. तो जरासा फिरवला की वेग वाढतो. एका रविवारी भाईंनी तो फिरवून ठेवला आणि काही न बोलता कॅसेट लावली. त्यांनी मनात म्हटलं, आज वाद कायमचा मिटवून टाकू.

"मंग?"

"मंग काय. मास्तरनं पूरं आयकलं. म्हने, आज मशीन बराबर नाही वाटून राह्यलं, भाई. अन् चाय न घेता चालले गेले."

मला तो रविवार आठवला. हे तिथे एकटेच गेले होते, मी तापाने पडले होते. घरी येऊन माझ्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसले होते. मला वाटलं, माझ्या तापाचीच काळजी.

"पुढच्या इतवारी मी स्क्रू वापस फिरवला," भाई म्हणाले. "त्यायनं काही पुसलं नाही, मी काही सांगतलं नाही."

म्हणजे पुरावा खिशात ठेवून हा माणूस तीस वर्षं दर रविवारी हरत होता. आणि हेही समजून उमजून जिंकत होते की काय, ते आता कोण सांगणार? मी स्टुलावर बसले. एवढ्या तावातावाने आले होते, आता राग कोणावर काढावा ते कळेना. शेवटी जे करायला आले होते ते केलं. निकाल फिरवला. म्हटलं, "तुमी बराबर होते, भाई. चाल साधीच हाये. तो मानूस साधारनच होता. तुमी जितले."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. पण भाई ताडकन उभे राहिले. मला म्हणाले, असं कसं म्हणता. साधी चाल बांधणं सोपं वाटलं काय तुम्हाला? सतार किती लांब ठेवली आहे ते ऐका. तो श्वास दुसऱ्या कोणी कापला असता. बोट नाचवत, अगदी यांच्यासारखं नाकातून फुरफुरत म्हणाले, "गाणं तं कोनीबी करते, भाभी. जिथं कोनी बोलत नाही तिथं ज्याले वाजवता येते, तो खरा."

माझा आवाज चढला. पुढे बसलेला पुतण्या वळून बघायला लागला. मी म्हटलं, "खोटं हाये ते सगळं. पोट्टे पयत होते त्याच्यात, भाई. जत्रा होती ती."

"पयत असतीन पोट्टे. पयू द्या ना त्यायले." भाई खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर कुठी पयत होते?"

भाईंनी खोक्यातून कॅसेट काढली, टेबलाच्या खणातून स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस काढला आणि तो हातात धरून विचारलं, कसं लावू. मी म्हटलं, मास्तरचं लावा. पेचकस त्यांनी परत खणात टाकला.

बासरी सावकाश खाली उतरत गेली. अर्ध्यात थांबली. तो लांब श्वास आला आणि मी रडायला लागले. आवाज करून, तोंड वेडंवाकडं करून, दोन वर्षांचं एकदम. मला यांची आठवण येत होती, बाकी काही नाही. भाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. पाठ फिरवून त्यांनी फळीवरचा एक बंद रेडिओ उचलला आणि त्याचे स्क्रू पिळत उभे राहिले.