भानुमतीकाकूंचा वेगळा स्वयंपाक

इकडे हिंदी मुलखात, कांचघर मोहल्ल्यात आमच्या भिंतीला लागून भानुमतीकाकूंचं घर. काका फॅक्टरीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. काकूंना खोटं बोलता येत नाही. हा गुण म्हणावा की खोड, माझं अजून ठरलेलं नाही. मी नवी नवरी होऊन आले, तेव्हा भरल्या घरात म्हणाल्या, ''पोरगी छान आहे, पण पोळ्या जाड करते.'' घ्या!

सरकारनं वेगळी चूल मांडून राहणाऱ्या म्हाताऱ्यांना वीजबिलात सवलत दिली, तेव्हा त्यांचा मुलगा अजिंक्य मोठा हुशार निघाला. मागच्या खोलीत आईच्या नावानं दुसरं मीटर बसवलं. वीज दोन्हीकडे वाटली गेली, बिल निम्म्यावर आलं. काकूंना वाटलं, वय झालं म्हणून सरकार देऊन राहिलं. मुलानं दाखवलं तिथं त्यांनी सही केली.

मग मोहल्ल्यात बातमी आली, चेकिंग सुरू झालं म्हणून. स्वयंपाक खरंच वेगळा नसेल तर आजवरची सवलत दंडासकट वसूल करणार, वरून लाइन कापणार. अजिंक्यचं तोंड उतरलं. त्याच दिवशी कुठूनतरी जुनी शेगडी आणून त्यानं आईच्या खोलीत ठेवली.

''आई, साहेब आले तर म्हण, मी वेगळी जेवते. बस.''

''पण मी तर तुमच्यातच जेवते रे.''

''नुसतं म्हणायचं आहे ना!''

''असं कसं म्हणू? मग आजपासून वेगळीच जेवते.''

''हां, चलो, ते तर अजूनच चांगलं,'' तो म्हणाला. मी तिथंच होते. असा राग आला, काय सांगू!

''काहून काकू, डोकं फिरलं का तुमचं?'' मी विचारलं.

त्या हसल्या. ''अंजनी, दोन दिवसांचं तर आहे. बघ, आमची सून यशश्रीच मला हात धरून घेऊन जाते की नाही.''

पहिल्या दिवशी सून वाटीभर वरण घेऊन आली खरी. काकू म्हणाल्या, ''नको गं, साहेब आला तर?'' वाटी परत गेली, ती गेलीच. पुढच्या खोलीत टीव्ही लागायचा, ताटं मांडल्याचा आवाज यायचा. इकडे काकू दार अर्धं उघडं ठेवून, वाढलेलं ताट समोर घेऊन बसून राहायच्या. भात गार व्हायचा. मी डोळ्यानं पाहिलं आहे हे सगळं.

''मी बोलू का त्यांच्याशी?''

''खबरदार! सांगून करवलेलं बोलावणं मला नको.''

असे कितीतरी दिवस गेले. मग एका दुपारी साहेब आले. आमच्याच गल्लीत दोन घरांची लाइन कापून आले होते. एका ठिकाणी म्हणे शेगडीवरचं दुकानाचं लेबलही निघालेलं नव्हतं.

''अम्मा का सब अलग है, साहब,'' अजिंक्य घाईनं म्हणाला.

''सब यही बोलते हैं भैया.'' साहेबांनी शेगडीवर बोट फिरवलं, पिठाचा डबा उघडून पाहिला. मग खाटेवर बसलेल्या काकूंसमोर आले. ''अम्मा, आप बताइए. सच-सच. खाना अलग बनता है?''

काकू खोटं बोलणार नाहीत हे अजिंक्यला माहीत, मला माहीत. यशश्री ओढणीचं टोक पिळत उभी.

''दिखाने के लिए शुरू किया था, साहब,'' काकू म्हणाल्या.

अजिंक्य मटकन खाली बसला.

''मेरे को लगा, दो दिन में बहू बुला लेगी. बेटा बुला लेगा.'' काकूंनी शेगडीकडे पाहिलं. ''किसी ने नहीं बुलाया. अब सच में अलग है.''

साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि हळू आवाजात म्हणाले, ''आपकी छूट चालू रहेगी, अम्मा.'' मग चप्पल घालून निघून गेले.

''वाचलो!'' अजिंक्यच्या तोंडून निघून गेलं. नंतर त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं मान खाली घातली. यशश्री रडत पुढे आली, सासूचा हात धरला. ''आई, चुकलं आमचं. चला ना, पान वाढते.''

काकूंनी हात सोडवून घेतला. रागानं नाही, हळूच.

''आज साहेब आला म्हणून बोलावतेस गं बाई. उद्या कोण येणार आहे?''

काकू उठल्या आणि त्यांनी मूठभर तांदूळ धुवायला घेतले.