बिबट्याचा इंजिनिअर

डिंगोऱ्यात बुद्धभूषणला सगळे 'बिबट्याचा इंजिनिअर' म्हणत, आणि आधी त्याला ते आवडायचंही. पुण्याची नोकरी सुटून पोरगा घरी बसला तेव्हा नाकं मुरडणारेच पुढं त्याचं कौतुक करू लागले होते. काम केलं होतंच तसं. उसाच्या कडेला त्यानं कॅमेरा बसवला. बिबट्या दिसला की कॅमेरा समाजमंदिरावर बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरच्या डब्याला कळवणार, डबा भोंगा वाजवणार. एरवी डब्यावर हिरवा दिवा. पहिल्याच आठवड्यात भोंगा दोनदा वाजला, बाया उसाबाहेर पळाल्या, आणि त्या दिवसापासून वस्ती दिवा बघून शेतात जाऊ लागली.

त्याची चुलती केशरबाईही तशीच गेली, दिवस मावळताना, वैरणीला. भोंगा वाजला नाही. बिबट्यानं तिचा उजवा हात खांद्यापासून फाडला. माणसं आरडाओरडा करत धावली म्हणून जीव वाचला. हात कायमचा लुळा पडला.

"तुजा दिवा बघून गेले रं," दवाखान्यात ती एवढंच म्हणाली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी येऊन बुद्धभूषणनं कॅमेऱ्याची नोंद उघडली. बिबट्याचा फोटो होता, केशरबाई शेतात शिरायच्या अठरा मिनिटं आधीचा, आणि पुढं लिहिलं होतं, 'संदेश पाठवला'. डब्याच्या नोंदीत मात्र सकाळपासून काहीच नव्हतं. मग संदेश गेला कुठं?

डब्यातला प्रोग्रॅम त्यानं पायथनमध्ये लिहिला होता. त्यात दोन थ्रेड, म्हणजे एकाच घरात राबणारे दोन गडी. एक सॉकेटला, म्हणजे कॅमेऱ्याकडून येणाऱ्या कनेक्शनच्या दाराला, कान लावून बसायचा. दुसरा त्याचं ऐकून दिवा आणि भोंगा सांभाळायचा. दोघांमधली देवाणघेवाण त्यानं ओळ न ओळ तपासली. घरच्या टेबलावर तीच मांडणी करून चार दिवस संदेश पाठवत राहिला. दर वेळी भोंगा वाजला. पोराची अन्नावरची वासना उडाली.

पाचव्या दिवशी त्याचे वडील भागुजी जवळ येऊन बसले. जन्मभर त्यांनी पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून दिली. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं.

"क्यामेरा तिकडं कशावर चालतो?"

"पंपाच्या लाईनीवर."

"आन् हितं?"

"आपल्या इन्व्हर्टरवर."

"मंग हितं लाईट जातीच कुटं?" भागुजींनी कॅमेऱ्याचा प्लग उपटला, थोडं थांबून परत लावला. "आता वाजीव."

भोंगा वाजला नाही. दिवा हिरवाच राहिला.

लाईट गेली की कॅमेरा काही न सांगताच बंद पडायचा. आल्यावर नवं कनेक्शन जोडून बोलू लागायचा. पण बॅटरीवरच्या डब्यातला ऐकणारा थ्रेड जुनं, मेलेलं कनेक्शनच धरून वाट बघत बसलेला. नवा संदेश दारात ताटकळत राही. रोज पहाटे डबा आपोआप नव्यानं सुरू व्हायचा, म्हणून दिवसातली पहिली लाईट जाईपर्यंत सगळं नीट चालायचं. दुसऱ्या थ्रेडला कुणी काही सांगेना, म्हणून तो खुशाल हिरवा दिवा दाखवी. कुणी काही बोलत नाही म्हणजे सगळं ठीक, हे त्याला शिकवलं बुद्धभूषणनंच. दिवसातून दहा वेळा लाईट जाते अशा गावात वाढलेल्या पोरानं लाईट जाणंच विसरावं, याला काय म्हणायचं? घरात इन्व्हर्टर आला आणि अक्कल गेली, दुसरं काय.

दुरुस्ती पाच ओळींची निघाली. कॅमेऱ्यानं दर दहा सेकंदांनी हजेरी द्यायची. मिनिटभर ती आली नाही की जुनं कनेक्शन सोडून नवं धरायचं, तोवर दिवा लाल. पाच ओळींपायी एका बाईचा हात गेला, हे त्याला झोपू देईना.

दिवा आता खरं सांगू लागला, आणि खरं म्हणजे दिवसाचे बरेच तास लाल. कॅमेऱ्याला त्यानं बॅटरी बसवून पाहिली. ती दोन दिवसांत चोरीला गेली.

केशरबाई घरी आल्यावर त्यानं तिला समाजमंदिरापाशी नेऊन सगळं समजावलं. "काकी, लाल असला की उसाकडं जायचं न्हाई."

तिनं वर पाहिलं. "सकाळधरनं लालच हाय न्हवं?"

"हो."

"आन् म्हशीनं काय खायाचं?"

केशरबाईनं सुनेला, मंगलला, हाक मारली. मंगल विळा घेऊन उसाच्या वाटेला लागली आणि केशरबाई तिच्यामागं चालली, मोठमोठ्यानं बोलत, बिबट्याला माणसाचा आवाज ऐकू जावा म्हणून.